ओळख बघू, हात कुणाचा?

डोहाळजेवणात खेळ घ्यायला पैसे देऊन बाई बोलावतात, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची शैला ना, केटरिंगमध्ये आहे." केटरिंगला निदान चार लोकांत मान आहे, असं त्यांचं मत. मी वाद घातला नाही. ज्या बाईने आयुष्यात कधी अंताक्षरीतसुद्धा भाग घेतला नाही, तिला मी काय समजावणार?

खरं तर मी या धंद्यात आले ती फुलं घेऊन. माहेरचा नाशिकजवळ मखमलाबादकडे फुलांचा मळा, त्यामुळे डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने करून द्यायचे. बाजूबंद, कमरपट्टा, मुकुट, वेणी. दागिने घालून गर्भार मुलीला झोपाळ्यावर बसवलं की पुढचा तास कुणालाच काही काम नसायचं. स्वयंपाक व्हायचा असतो, फोटो काढून झालेले असतात, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या साड्या न्याहाळत बसलेल्या असतात. त्या तासात जुनी उणीदुणी निघतात. रुखवतात काय कमी होतं, मानपानात कोण राहिलं. एकदा अशाच एका घरात विहीणबाईंचे आवाज चढायला लागले, तेव्हा मी गजऱ्याची सुई खाली ठेवली आणि म्हटलं, चला, सगळ्यांनी एकेक उखाणा घ्या, पण नवऱ्याच्या नावाऐवजी आवडत्या भाजीचं नाव गुंफायचं. घर हसलं. त्या दिवसापासून लोक फुलांना कमी आणि मला जास्त बोलवायला लागले.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय त्यात, चार खेळ घ्यायचे. घेऊन बघा. सातव्या-आठव्या महिन्यातली मुलगी. तिला ऊठबस करायला लावायची नाही, फार हसवायचं नाही, आणि रडवायचं तर मुळीच नाही. जमलेल्या बायकांत एखादी अशी असते जिला मूल होत नाही, एखादीचं पोटातच गेलेलं असतं. त्या कोण, ते आधी घरातल्या कुणाकडून तरी काढून घ्यायचं आणि "तुम्हाला मुलं किती?" असला प्रश्न येईल तो खेळ घ्यायचाच नाही. पुरुषांना शेवटी आत घ्यायचं, बाहुलीला लंगोट बांधायच्या शर्यतीला. बँकेतला मॅनेजर असो नाहीतर पीएसआय, लंगोट कुणालाही बांधता येत नाही. सजावटवाल्याने पाळणा आणलेला असला तर मी त्यात नारळ ठेवते. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. श्रद्धा म्हणा, नाहीतर सवय, पण येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्याला एक झोका देऊन जाते आणि मग कोपऱ्यातली कुणी म्हातारी ओरडते.

पेढा-बर्फी मी बंद केली. दोन वाट्या पालथ्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नाशिकरोडच्या एका आजींनी माझी पाठ वळताच दोन्ही वाट्यांखाली पेढे सरकवले होते, त्याचं हसू झालं. पण दुसऱ्या एका घरात बर्फी निघाली आणि खोली गप्प झाली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त गप्प झाली, आणि त्या मुलीने वाटी परत पालथी घातली. तिचा तो हात मला आवडला नाही. तेव्हापासून मी म्हणते, मिठाई खायची असते, उघडून बघायची नसते.

पेढा-बर्फीच्या जागी मी जो खेळ बसवला, तो माझा स्वतःचा. दुसरीकडे कुठे बघितलात तर समजा माझ्याकडून उचललाय. गर्भार मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. बायकांनी एकेक करून तिच्यासमोर यायचं, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपराकडे सरकवायच्या, बोलायचं नाही, आणि आपला एक हात तिच्या हातात द्यायचा. तिने ओळखायचं, कोण. मी तिच्या मागे उभी राहते, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, म्हणजे तिला धीर वाटतो. मुली बहुतेक हात ओळखतात. आईचा तर लगेच. सासूचा ओळखायला थोडा वेळ लावतात, त्यातही शहाणपण असतं.

या खेळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मी आजवर फारशी कुणाला बोलले नाही. पट्टी बांधली की या मुली निराळ्याच होतात. चेहरा शांत होतो, मान जराशी एका बाजूला कलते, जसं शेजारच्या घरातलं काही ऐकतायत. इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये एकीने मध्येच विचारलं, "कोण रडतंय?" कुणीच रडत नव्हतं, डीजेवाल्या पोराची गाणी चालू होती. ती म्हणाली, "नाही, रडतंय. आत." शेवटी कुणीतरी आत जाऊन बघितलं तर तिची माहेरी परत आलेली नणंद बाथरूमचा नळ सोडून आत बसली होती. ती गाण्यांच्या वर कशी ऐकू आली असेल? मी त्या रात्री खूप विचार केला आणि मग धंद्याच्या बाईने करावं तेच केलं. सोडून दिलं.

सायखेड्याचं मात्र सुटलं नाही.

घर गावाबाहेर, मळ्यात. भाजीपाला करणारी माणसं, हात मोकळा, नवीन बंगला. धाकटी सून स्नेहल सातव्या महिन्यात होती. ती मूळची मालेगावची; नवऱ्याची नोकरी नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत, म्हणून दोघं तिथेच राहत, घरी सणावाराला येत. बोलणी करायला मी आठवडाभर आधी गेले, तर स्नेहलच्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत, मला घर दाखवत होत्या. स्वयंपाकघरात एक बाई मेथी निवडत होती. माईंनी मला बाहेर ओढलं.

"ती थोरली सून, वंदना. तिला खेळात घेऊ नका. ओटीलाबी नाय."

"का हो?"

"तिची पोर गेली. जिची ओटी रिकामी झाली तिनं दुसरीची भरू नाय. आन् त्या पोरीचं नाव ह्या घरात काढायचं नाय, तेवढं ध्यानात ठिवा. धाकटीच्या माहेरी आम्ही ताप सांगितलाय."

ताप सांगितलाय, म्हणजे ताप नव्हता. निघताना गेटपाशी वंदना उभी होती, हातात माझ्यासाठी मेथीची जुडी. तिशी-पस्तिशीची असेल, पण चेहऱ्यावरून वय सांगता येत नव्हतं.

"मावशी, तुम्ही तो हाताचा खेळ घेता ना? व्हिडिओ बघितलाय मी."

"घेते."

"मला घ्या त्यात. लय शेवटी घ्या. ओटी नाय भरत, नुसता हात देते. स्नेहलला काय होऊ नाय, एवढंच मनात म्हणीन आणि जाईन."

मी म्हटलं, माईंनी नाही म्हटलंय.

"त्या नाय म्हणतात, कारण त्यांना बघवत नाय," वंदना म्हणाली. मग तिने हाताने घराच्या मागे दाखवलं. "ताप नव्हता. श्रावणी तळ्यात गेली. पाच वर्षांची होती. घरातून तिचे फोटो काढले, कपडे देऊन टाकले, आता नावबी नाय. मावशी, ती होती की. मी काय स्वप्न बघितलं का?"

ज्यांनी शेततळं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत मोठा चौकोनी खड्डा, त्याला आतून जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत पडलेलं माणूस पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही, पाय घसरतच राहतात. या घराने नंतर जाळीचं कुंपण घातलं होतं, फाटक बसवलं होतं, आणि काठावरच्या खांबाला दोर आणि हवेची ट्यूब बांधून ठेवली होती. दोर वंदनाने स्वतः बांधून घेतला होता, असं तिने सांगितलं. त्यानंतर त्या बाजूला ती गेलेली नव्हती.

मी मेथी घेतली आणि शब्द दिला. म्हटलं, ओटीत माईंचं राज्य, खेळात माझं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपार लख्ख होती. हॉलभर बायका, स्नेहल फुलांनी मढलेली, मालेगावहून तिची आई आलेली. मुलं फार गोंधळ घालायला लागली तेव्हा माईंनी त्यांना मागच्या अंगणात पिटाळलं आणि एका मोठ्या मुलीला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मग मी पट्टी बांधली, गाणी थांबवली, आणि खेळ सुरू केला.

आईचा हात स्नेहलने बोट लागताच ओळखला. नणंदेचा नखांवरून. माईंचा हात हातात आला तेव्हा तिने अंगठी चाचपली आणि म्हणाली, "माई, तुमच्या हाताला बीपीच्या गोळ्यांचा वास येतो." सगळ्या हसल्या, माईसुद्धा. मग मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मान हलवली आणि वंदना पुढे आली.

हसणं जागच्या जागी थांबलं. माईंनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी बघितलंच नाही असं केलं. वंदनाने पदराला हात पुसला आणि स्नेहलच्या उजव्या हातात ठेवला.

"ताई," स्नेहल लगेच म्हणाली. हसली.

आणि मग तिची मान कलली. तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, बाजूला, खाली, कमरेएवढ्या उंचीवर, आणि तळवा उघडला.

"आणि ही कोण?"

"कोणी नाही गं," मी म्हटलं. "झाल्या सगळ्या."

"आहे ना. छोटी आहे." ती बोटांनी काहीतरी चाचपत होती. तिथे काही नव्हतं. मी तिच्या मागेच उभी होते, मला तिचा रिकामा तळवा आणि खालची फरशी स्वच्छ दिसत होती. "अगं, ओला हात आहे तुझा. हात धुऊन पुसायचा नाही का?"

एका बाईच्या हातातली वाटी खाली पडली, ती घरंगळत भिंतीपर्यंत गेली. कुणी उचलली नाही. गावातल्या बायकांना सगळ्यांना ठाऊक होतं. मालेगावच्या माणसांना ठाऊक नव्हतं, त्यांना कळेना की खोली अशी काय झाली. वंदना आपला हात स्नेहलच्या हातात ठेवून उभी होती.

"श्रावणी?" ती म्हणाली. अगदी हळू, दुसऱ्या खोलीतून मुलीला हाक मारावी तसं.

स्नेहल म्हणाली, "थांब, थांब. येते ना. ओढू नकोस."

आणि ती उठली. माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते, मी तिला दाबून धरत होते, तरी ती उठली. डोळ्यांवर पट्टी, सातवा महिना, फरशीवर फुलांच्या पाकळ्या. डावा हात पुढे, जरा खाली, जसं लहान मूल आपल्याला ओढत नेतं तेव्हा असतो. ती पाटाला अडखळली नाही, समईला धक्का लागला नाही. मी पाठोपाठ, तिची आई अहिराणीत "काय व्हयनं वं माय?" करत माझ्या पाठोपाठ. स्वयंपाकघर, मोरी, मागचं दार. दाराच्या उंबऱ्यावर स्नेहल थांबली.

"सोडला," ती म्हणाली.

मी पट्टी ओढून काढली. अंगणात मुलं खेळत होती, लक्ष ठेवणारी मुलगी मोबाइलमध्ये होती. काही वावगं नव्हतं. मग मला कुंपणाचं फाटक दिसलं. ते उघडं होतं, आणि आतल्या बांधावर एक छोटी निळी चप्पल पडली होती.

मी ओरडायच्या आत वंदना माझ्या बाजूने निघून गेली. जी इतकी वर्षं त्या बाजूला गेली नव्हती ती बाई साडी गुडघ्यापर्यंत ओढून धावत सुटली, खांबावरची ट्यूब तिने काखेत घेतली, दोर हाताला गुंडाळला आणि त्या कागदावरून सरळ पाण्यात घसरली. नणंदेचा मुलगा, ओम, पाण्यात होता. आवाज करत नव्हता. बुडणारं मूल आवाज करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वंदनाने त्याला केसांना धरून वर घेतलं, ट्यूब त्याच्या बगलेत घातली, आणि आम्ही सगळ्या भरजरी साड्यांतल्या बायकांनी दोर ओढला. पोरगं काठावर आलं, ओकलं, आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कुठल्या बारशात ऐकलं नाही.

माई बांधावर मातीत बसल्या होत्या. नातवाला कुणीतरी त्यांच्या मांडीवर दिलं, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. वंदनाकडे बघत होत्या.

"श्रावणीनं आणलं गं आपल्याला," त्या म्हणाल्या. "माझ्या श्रावणीनं."

स्नेहलची आई पुढे झाली. "ताप म्हणाला होतात ना तुम्ही?"

"खोटं बोलले," माई म्हणाल्या. "तळ्यानं नेली. तुम्ही पोरगी देणार नाय म्हणून खोटं बोलले. अन् मग खोट्याला धक्का लागू नाय म्हणून तिचं नाव टाकलं."

 विहीणबाईंनी खाली वाकून माईंच्या मांडीवरच्या मुलाचं डोकं आपल्या पदराने पुसलं.

ओटी त्यानंतर भरली. वंदना कपडे बदलायला निघाली होती, माईंनी तिला अडवलं, तशाच ओल्या साडीत तिच्या हातात खण-नारळ दिला आणि म्हणाल्या, "पयली तू." स्नेहलने पदर पसरला. कुणी गाणं म्हटलं नाही, आणि मलाही ते सुचवावंसं वाटलं नाही.

लोक या गोष्टीला कारणं देतात. माझी मुलगी म्हणते, स्नेहलने गावात कुणाकडून तरी ऐकलं असणार, वंदनाचा घामेजला हात लागला असणार, आणि मागच्या अंगणातला मुलांचा आवाज कमी झालेला तिच्या कानांनी टिपला असणार. असेल. माझी मुलगी हुशार आहे. मी फक्त एवढंच म्हणते की वंदनाचा हात उजवीकडे होता. स्नेहलला पुढे मुलगी झाली, सुखरूप. नाव आजच्या पद्धतीचं ठेवलंय, मला धड म्हणता येत नाही. तो खेळ मी अजून घेते, मात्र पट्टी बांधायच्या आधी घरातली सगळी मुलं हॉलमध्ये, माझ्या नजरेसमोर बसवते. मग गोंधळ झाला तरी चालतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाच्या शेवटाचं. जेवणं झाली होती, माणसं पांगली होती, मी टोपलीत सामान भरत होते. वंदना आली. कोरडी साडी नेसली होती, केस अजून ओले होते.

"मावशी, माझ्या डोळ्यांवर बांधा ना."

मला नाही म्हणता आलं असतं. म्हणायला हवं होतं, असं अधूनमधून वाटतं. मी तिला झोपाळ्याच्या पाटावर बसवलं आणि पट्टी बांधली. तिने डावा हात पुढे केला, कमरेएवढा खाली, आणि तळवा उघडला.

मी मागे उभी राहिले. आपणच पुढे होऊन आपला हात द्यावा, असं एकदा मनात आलं. पण माझा हात सुईने भोकं पडलेला, म्हाताऱ्या बाईचा. ती फसली नसती, आणि तिला फसवायचा मला अधिकार नव्हता. बाहेर कुणीतरी मंडपाचे बांबू सोडत होतं, तो आवाज थांबला. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो.

"आली का?" तिने विचारलं.

 मला तिथे काही दिसत नव्हतं, तेव्हाही नाही आणि खोटं कशाला सांगू, शेवटपर्यंत नाही.

मग तिची बोटं मिटायला लागली. सावकाश, एकेक. पण पूर्ण मिटली नाहीत. मध्ये जागा राहिली, पाच वर्षांच्या मुलीच्या हाताएवढी.

"किती गार पडलीस गं," वंदना म्हणाली, आणि दुसरा हात वर ठेवून ती तो चोळायला लागली.